माझा घसरलेला ग्राफ

मागच्या गुरुवारी मी आमच्या ग्रुपमध्ये चक्क एक ग्राफ घेऊन गेले. ऑफिसातला नव्हे, थेरपीचा ग्रुप... हसा खुशाल.

राजाजीनगरला एका डॉक्टरांकडे दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सातजण गोल बसतो. मनात येईल ते बोलायचं, एकमेकांबद्दल काय वाटतं तेही बोलायचं. डॉक्टरीणबाई स्वतः फार कमी बोलतात. दर काही महिन्यांनी मात्र त्या एक प्रश्नावली भरून घेतात... झोप, राग, रडू, एकटेपणा. आमच्यात काही फरक पडतोय का, ते मोजायला.

मी नागपूरची, नोकरी या कानडी शहराच्या दुसऱ्या टोकाला महादेवपुऱ्यात, काम डेटाचं. बाबा गेल्यानंतर झोप उडाली, म्हणून इथे यायला लागले. मोजमाप म्हटलं की माझे हात शिवशिवतात, त्यामुळे डॉक्टरांकडून माझे वर्षभराचे आकडे मागून घेतले आणि लॅपटॉपवर रेषा काढली.

रेषा सरळ खाली आलेली. सुरुवातीला मी जवळजवळ ठणठणीत, आणि आता राग 'बरेचदा', रडू 'बरेचदा'. झोप तेवढी जरा सुधारलेली, पण तिकडे माझं लक्षच गेलं नाही. इतकं वाईट वाटलं... मेट्रो बदलून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं आणि वर बिघडायचं, सांगितलंय कुणी?

तर मोबाईलवर तो ग्राफ सगळ्यांना दाखवला आणि जाहीर केलं की मी ग्रुप सोडतेय. एकेकाने मोबाईल हातात घेऊन रेषा पाहिली आणि पुढे दिला. ऑफिसात असा ग्राफ दाखवला की निदान दोघं तरी वाद घालतात.

माझ्या शेजारी अक्का बसतात. चिकपेटेत साड्यांचं दुकान असलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या. नवरा असो, सुना असोत की आम्ही, कुणी काहीही म्हटलं तरी अक्कांचं कानडी उत्तर एकच, 'सरी'. म्हणजे बरं, ठीक आहे. आताही त्या तेच म्हणणार, असं मी धरून चालले होते.

"सरी नाही हे," अक्का म्हणाल्या. "स्वल्प थांब की. पहिल्या दिवशी बाप गेला म्हणून सांगताना तू हसत होतीस गं. मला भीती वाटली होती तुझी. आता रडतीस, चिडतीस, तर शेजारी बसावं वाटतं. तू जाऊ नको. गेलीस तर मला राग येईल."

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, पहिल्या वेळचे आकडे बरोबर होते का?

दिवसभर दुसऱ्यांच्या डेटातल्या चुका काढणारी मी... माझी सुरुवातच चुकीची मोजली होती. राग येतो का? कधीच नाही. रडू येतं का? कधीच नाही. खोटं बोलले नव्हते, तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आणि कधी नव्हे ते 'राग येईल' म्हणालेल्या अक्कांच्या पुढच्या प्रश्नावलीतही आता राग वाढलेला दिसणार, याचा मला केवढा आनंद झाला.

घरी जाताना मेट्रो स्टेशनवरून आईला फोन केला. तिने नेहमीसारखं विचारलं, कशी आहेस? माझं ठरलेलं उत्तर 'मस्त'. या वेळी म्हटलं, "बरी नाहीये गं. बाबांची खूप आठवण येते."

आई म्हणाली, "मला वाटायचं, मला एकटीलाच येते."

दोघी रडलो, ती तिकडे घरी, मी इथे भर गर्दीत. काल, या गुरुवारी, ग्रुपमध्ये सगळ्यांना विचारून हे लिहितेय. मी कुठेही जात नाहीये... आणि अक्का, त्या दिवशी 'सरी' म्हणाला नाहीत, म्हणून आई आणि मी दोघीही तुमच्या ऋणी आहोत.