पुढच्या खोलीतलं जंगल

किस्से म्हणजे मांजरीची पिलं. कधी झाली ते कळत नाही, आणि सगळी आत आली म्हणून दार लावायला जावं तर कपाटाखालून आणखी एक डोळे मिचकावत बाहेर येतं! आमच्या तंजावरच्या घरात तर पुढच्या खोलीतच पैदास चालू आहे. तिथं माझी नात वैदेही आणि तिच्या कामातला सेल्वम, दोघं दोन कॉम्प्युटर मांडून बसतात आणि लहान पोरांच्या व्हिडिओंसाठी कार्टूनचे प्राणी करतात. काम येतं चेन्नईच्या एका मॅडमकडून. सेल्वम ओरत्तनाडूहून मोपेडवर येतो आणि मला 'पाटी' म्हणतो, म्हणजे तमिळमध्ये आजी.

मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, आणि आमच्या घरात देवनागरी वाचणारं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून मी फोनमध्ये बोलते, फोन लिहितो, आणि पुण्याची भाची त्याच्या चुका काढते. ती माझ्या पण काढायला बघते. मी काढू देत नाही.

*

पहिल्या दिवशी मी कॉफी घेऊन गेले. पडद्यावर एक गुबगुबीत मांजर बसली होती. वैदेहीनं तिच्यावर टिचकी मारली मात्र, मांजरीच्या अंगभर बारीक ठिपके उठले! कानावर, पाठीवर, शेपटीवर. एक जागा रिकामी नाही.

"अगंबाई, हिला कांजिण्या आल्या!" मी म्हटलं. "कडुलिंबाचा पाला आणू?"

सेल्वमच्या नाकातून कॉफी आली.

मग वैदेहीनं मला जवळ बसवून दाखवलं. कार्टूनचा प्राणी म्हणजे नुसती रेघ. ती रेघ ह्या ठिपक्यांवर टांगलेली असते. प्रत्येक ठिपक्याला दोन बाजूंनी दोन मिशा फुटतात. ठिपका ओढला की रेघ सरकते, मिशी ओढली की रेघ वाकते. मी जन्मभर दारात ठिपक्यांची रांगोळी घातली, पण घातलेला ठिपका मागाहून सरकलेला कधी बघितला नाही. माझे ठिपके जिथं पडले तिथं पडले!

बघता बघता तिनं कानांची टोकं दाबून गोल केली, नाक रुंद केलं, जबडा खाली ओढला, पट्टे घातले. वाघ! नवा काढायचा नाही, कालचा प्राणी उघडायचा आणि त्याला ओढून ताणून आजचा करायचा, ही ह्यांची रीत.

"मग मांजर कुठं गेली?" मी विचारलं.

"आतच आहे पाटी," सेल्वम म्हणाला. "तिला प्रमोशन मिळालं."

*

सेल्वमची एक खोड आहे. तो काही पुसत नाही. नको असलेली वस्तू दुसऱ्या वस्तूखाली झाकून ठेवतो. "कधी लागलं तर?" म्हणतो. माझ्या स्वयंपाकघरात हीच रीत चालते, म्हणून मी त्याला बोलू शकत नाही.

तर गाईचा हत्ती करायचा होता. सेल्वमनं सोंड ओढली, पाय जाड केले, सुपासारखे कान लावले. झकास हत्ती! चेन्नईला गेला. तिथल्या लोकांनी त्याला नाचवायला घेतला. हत्तीनं डौलात कान हलवले... आणि कानाखाली गाईची शिंगं!

मॅडमचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून सगळ्या घरानं ऐकला. "सेल्वम, तुमच्या हत्तीच्या डोक्यातून काय उगवतंय?"

सेल्वम शांतपणे म्हणाला, "विचार, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्याकडे एक मोठं काम आलं होतं. पोरांच्या गोष्टींचं एक आख्खं जंगल, वर्षभर पुरेल एवढं. ते आम्हाला द्यायचं की नाही, ते आता नमुन्याचे प्राणी बघून ठरणार होतं. आणि अट एकच. "एका प्राण्यात मला दुसरा दिसला, तर जंगल दुसरीकडे गेलं समजा."

वैदेहीचा नवरा चेन्नईत नोकरीला. त्यानं तिथं घर बघून ठेवलं होतं, लेकीसाठी शाळा बघून ठेवली होती. जंगल मिळालं नाही तर कॉम्प्युटर उचलून, लेकीला कडेवर घेऊन ही चेन्नईला जाणार, हे ठरलेलं. तिला स्वतःला जायचं नव्हतं. मला कोणी विचारलं नाही. मी पण विचारलं नसतं, म्हातारीचं उत्तर काय असणार ते सगळ्यांना ठाऊक असतं.

*

ही लेक म्हणजे माझी पणती तुळशी, वय वर्षं चार. तिला मराठी सगळं कळतं. "पाणी आण" म्हटलं की आणते, "हट्ट करू नको" म्हटलं की जास्त करते. पण तोंडातून येतं ते तमिळच. जन्मल्यापासून मी वाट बघते आहे, एक शब्द तरी आपला बोलेल. मी मराठीत गोष्ट सांगते, ती तमिळमध्ये हुंकार देते!

एकदा मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, खात खात ती आईच्या खुर्चीमागून चालली होती. पडद्यावर कुत्र्याचं अस्वल केलेलं. तुळशी सहज म्हणाली, "नाय." तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सेल्वमनं कान बदलले. "नाय." शेपूट काढून टाकली. "नाय." वैदेहीनं तोंड आखूड केलं, पंजे मोठे केले. तुळशी मुरुक्कू चावत म्हणाली, "नाय."

सेल्वम इरेला पेटला. त्यानं सगळं अंग काळंभोर करून टाकलं. "आता बोल!"

तुळशीनं नीट निरखून बघितलं. "करुप्पु नाय." काळा कुत्रा!

संध्याकाळपर्यंत दोघं त्या कुत्र्याशी झटत होते. शेवटी वैदेही म्हणाली, "हा कोणाची तरी वाट बघतोय रे सेल्वम. मान बघ त्याची. अस्वल कशाला कोणाची वाट बघेल?" तिनं मानेचा एकच ठिपका खाली ओढला, पाठीचा थोडा वर घेतला. बाकी काही नाही. तुळशीला उचलून आणलं.

"करडी!" म्हणजे अस्वल.

त्या दिवसापासून खोलीत नियम झाला. तुळशीनं नाव घेतल्याशिवाय प्राणी चेन्नईला जायचा नाही. परीक्षेची फी, एक मुरुक्कू.

पण मला प्रश्न पडला तो पडलाच. कान बदलून गेला नाही, शेपूट कापून गेला नाही, तो कुत्रा मानेत बसला होता! मग वाघ वाघ कशानं होतो? गाय कुठल्या ठिपक्यात असते? मी चार दिवस गल्लीतले सगळे कुत्रे बघत हिंडले. खरंच, सगळे कोणाची तरी वाट बघत होते.

*

मला वाटलं, एवढं कळलं तर आपण पण एक ठिपका ओढून बघू. बदकाचा हंस करायचा होता. सोपं काम, मान लांब करायची. वैदेहीनं माझ्या हातात माऊस दिला. मी तोंडावरचा ठिपका धरला आणि ओढला. पिठाची लाटी ओढावी तसा, अगदी मन लावून!

बदकाची मान पडद्याबाहेर गेली.

"कुठं गेली रे?"

"तिरुवैयारूला, पाटी," सेल्वम म्हणाला. "कावेरीवर पाणी प्यायला."

मी घाबरून हात काढला. वैदेहीनं नुसती एक किल्ली दाबली, आणि मान परत जागेवर! बदक जसं काही झालंच नाही असं बसलेलं. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, ह्याला 'अन-डू' म्हणतात. केलेलं न केलेलं होतं.

"अगं, मग ही किल्ली मला माझ्या लग्नात का नाही कोणी दिली?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आमचे हे तमिळ पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मला पण नाही दिली!"

*

पोरं काय बघतात आणि काय उचलतात, देव जाणे. एके सकाळी शेजारच्या कनकम्माची आरोळी आली. बाहेर जाऊन बघते तर तुळशी कनकम्माच्या बकरीचे दोन्ही कान धरून वर ओढते आहे. जीव खाऊन!

"काय करतेस गं?"

तमिळमध्ये उत्तर आलं, "बकरीचा ससा करतेय."

बकरीला ससा व्हायचं नव्हतं. तिनं एक धडक दिली, आणि पोर गेली नळाजवळच्या चिखलात. क्षणभर रडू की नको असा विचार करत बसली, मग बकरीकडे बोट करून जोरात ओरडली, "अन-डू!"

मी तिला उचललं. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. "बघा, डुक्कर झालंय नुसतं!" म्हटलं. "ससा करायला गेली, आणि स्वतःच डुक्कर होऊन आली!" हे तिला फार आवडलं. आंघोळ घालताना मला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. स्वतः मात्र नाही म्हणाली.

कनकम्मा अजून बकरीला आमच्या दारावरून नेताना बकरीच्या आणि दाराच्या मधे स्वतः चालते.

*

आणि मग मॅडम स्वतःच आल्या. कुंभकोणमला कोणाच्या लग्नाला चालल्या होत्या, म्हणाल्या, वाटेत तुमचं जंगल बघून जाते. फोनवरच्या आवाजावरून मला वाटलं होतं उंच असतील. निघाल्या ठेंगण्या, गुटगुटीत, रेशमी पट्टुसाडी नेसलेल्या, केसांत मोगरा. कॉफी घेतली, छान आहे म्हणाल्या, पण डोळे पडद्यावर.

सगळे नमुने तयार होते. फक्त शेवटचा कोल्हा त्याच सकाळी संपला होता, आणि तो कुत्र्याचाच केलेला. त्याची परीक्षा झाली नव्हती, कारण परीक्षक झोपली होती!

वैदेही एकेक प्राणी दाखवत गेली. मॅडम प्रत्येकाचे कान, मान, शेपूट बघत होत्या. कोल्हा आला तसं सेल्वमनं कॉफीचं टंबलर उचललं, रिकामं होतं, तरी तोंडाला लावलं. आणि नेमकी तेव्हा तुळशी डोळे चोळत आतून आली. पडद्यासमोर उभी राहिली. तिला काय माहीत आज कोण आलंय! ती आपली रोजच्या कामाला आली.

मॅडमना गंमत वाटली, लाडानं विचारलं, "हे काय आहे, कन्ना?"

तुळशी बघत राहिली. मान वाकडी करून बघितलं. वैदेहीचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती कुत्र्याच्या मानेसारखी ताठ झाली होती.

"नरी," तुळशी म्हणाली. कोल्हा!

सेल्वमनं टंबलर खाली ठेवलं. तुळशीनं मुरुक्कूसाठी हात पुढे केला.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "हुशार आहे! थांब, तुला आमची एक गंमत दाखवते." पर्समधून फोन काढला. त्यांच्या स्वतःच्या ऑफिसात केलेला नवा ससा, अजून बाहेर कोणी बघितलेला नाही, म्हणाल्या. पोरांच्या डब्यांवर, दप्तरांवर, सगळीकडे येणार. "आम्ही कोणाला ओढून ताणून केलेला नाही हं. कोऱ्या पानावर काढलाय."

गोंडस ससा! पांढरा, लांब कान, हातात गाजर. मी पण 'आहा' म्हटलं.

तुळशीनं फोनमध्ये नाक घातलं. लगेच मागे घेतलं. आणि जन्मात पहिल्यांदा, खणखणीत, आपल्या मराठीत म्हणाली,

"डुक्कर!"

मॅडमना मराठी कुठलं येणार! त्या सगळ्यांकडे बघायला लागल्या. "काय म्हणाली? कुठल्या भाषेत बोलली?" वैदेही जमीन बघत होती. आमच्या ह्यांनी पेपर तोंडावर घेतला. सेल्वमला इतक्या वर्षांत आमचं मराठी बऱ्यापैकी कळतं, पण त्यानं अशी मुद्रा केली की जणू आजच गावात आलाय.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "पाटी, तुम्ही सांगा."

चार वर्षं मी त्या एका शब्दाची वाट बघितली होती, आणि आता तो माझ्याच तोंडून तमिळमध्ये करून सांगायचा होता! काय करणार? पाहुण्या बाईशी खोटं बोलू?

"पन्नी म्हणाली," मी म्हटलं.

मॅडमनी फोन डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांनी ससा मोठा केला, आणखी मोठा केला. बराच वेळ बघत राहिल्या. मग फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन नीट लावली, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे आमच्या ऑफिसात फक्त दोघांना ठाऊक आहे."

उठल्या, मोगरा सारखा केला, पायऱ्या उतरल्या. वैदेही मागोमाग गेली. गाडीत बसता बसता मॅडमनी काच खाली केली.

"जंगल तुम्हीच करा, वैदेही. इथंच बसून करा. फक्त ह्या मुलीला चेन्नईला आणू नका!"