जनू मेस्त्रीने इंजिनाला बसवलेली काच

जनू मेस्त्री इंजिन दातांनी ऐकायचा. सागवानी काठीचं एक टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, दुसरं पुढच्या दातांत धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मुंबईच्या गोदीत बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट ठोकण्यात त्याचे कान कामातून गेले होते. गोदी सोडून तो रत्नागिरीला परत आला आणि बंदराच्या वाटेवर माडाच्या झापांनी शाकारलेल्या एका पडवीत फटफट्या, सायकली, पंप, जे येईल ते दुरुस्त करू लागला. नवखा माणूस काठीचा तो प्रकार बघून हसायचा. मीही पहिल्यांदा हसलो होतो. त्याला ऐकू आलं नाही, पण दिसलं. काठी काढून तो म्हणाला, "हसा, हसा. तुमचा डाक्तर नाय रबराची नली छातीला लावीत? तेला कोन हसतंय?"

मी त्या डॉक्टरांचा कंपाउंडर. तीस सालाच्या अलीकडची पलीकडची गोष्ट. गावात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यात जास्त फिरणारी आमच्या डॉक्टरांची. पाली, देवरूख, आरे-वारेच्या वाड्या, कुठूनही बोलावणं आलं की डॉक्टर निघाले. माणूस देवासारखा, पण विसरभोळा. छत्री एका घरी, थर्मामीटर दुसऱ्या घरी. एकदा तर रोग्याचा पंचा खांद्यावर टाकून दवाखान्यात आले. या गोष्टी मी गावभर रंगवून सांगत असे. लोक हसत, आणि मला त्याचं सुख वाटे.

त्या काळच्या फटफटीला तेल आपोआप मिळत नसे. खोगिराखाली तेलाची टाकी आणि बाजूला पितळी हातपंप. चालवणाऱ्याने मैला-दोन मैलांवर पंपाचा दट्ट्या दाबायचा, तेव्हा इंजिनाच्या पोटात तेल जाणार. दाबला नाही तर इंजिन तापून आवळलं जातं आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. श्रावणाच्या शेवटी देवरूखहून येताना हातखंब्याच्या उतारावर तेच झालं. डॉक्टर उडून रस्त्याकडेच्या जांभ्याच्या गडग्यावर आपटले. गुराख्यांनी त्यांना बैलगाडीत घालून आणलं, पण वाटेतच सगळं संपलं होतं.

पंचनाम्याला मी पंच होतो. देवरूखहून निघताना सोबतच्या डब्यातून भरलेली टाकी उघडली तर अजून काठोकाठ तेल. म्हणजे देवरूखपासून हातखंब्यापर्यंत एकदाही पंप मारलेला नाही. फौजदारांनी मला विचारलं, "डॉक्टर विसराळू होते का?" मी होय म्हटलं. छत्रीची गोष्टसुद्धा सांगितली. मग खाली सही केली.

जनूला कुणी एका शब्दाने बोललं नाही. इंजिन त्यानेच आषाढात जुळवून दिलं होतं, पण भरलेली टाकी सगळ्यांनी पाहिली होती. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, ती मोडकी गाडी त्याच्या पडवीत पाठवून दिली. सोबत मी होतो. निघताना त्या म्हणाल्या होत्या, "मेस्त्रींना सांगा, ठेवा नाहीतर समुद्रात टाका. एक दट्ट्या दाबायचा विसरले, आणि मला पोरांसकट उघड्यावर टाकून गेले. मला ती डोळ्यांसमोर नको." त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, राग होता. मी तो निरोप जसाच्या तसा, काठी दातांत धरलेल्या माणसाला ओरडून सांगितला. त्याने दोनदा सांगायला लावला.

मग म्हणाला, "हा मानूस पंप विसरनारा नव्हता. बाकी सगला विसरंल. गाडीवर बसला की तेचा हात आपसूक जायचा पंपावर, मी मागं बसलेलो हाय."

"पण टाकी भरलेली होती ना?"

"व्हती. म्हनून तर म्हनतंय, बगल्याबिगर बोलनार नाय."

हे त्याचं नेहमीचं वाक्य होतं. गिऱ्हाइकाने विचारलं, काय बिघडलंय रे, की हेच उत्तर. आता मात्र बघायचं तरी काय, हा प्रश्न होता. त्याने इंजिन उघडलं. आतलं सगळं करपून कोळसा झालेलं. ते कशाने करपलं, हे मेलेलं इंजिन सांगेना. ते चालू असताना आत बघायला हवं होतं, आणि चालत्या इंजिनाच्या पोटात कुणी कधी बघितलं नव्हतं. सिलिंडरात आवळलेला दट्ट्या त्याने सोडवला, पोटातली तेलाची वाट धुऊन काढली, इंजिन पुन्हा उभं केलं. मग त्याच्या कुशीवरचं ॲल्युमिनियमचं झाकण काढून त्याला भोकं पाडली, भोकाला भोक जोडलं आणि कानशीने घासून हाताच्या पंजाएवढी खिडकी केली.

काचेने फार छळलं. कंदिलाची काच पहिल्याच उष्णतेला तडकली. वैद्यांकडचं अभ्रक आणलं तर ते काळं, त्यातून दिवासुद्धा दिसेना. शेवटी मी दवाखान्यातली मलम घोटायची जाड काच त्याला नेऊन दिली. डॉक्टर गेल्यावर तिचा उपयोग नव्हता. ती कापता येईना, म्हणून ओल्या रेतीवर घासायची. रोज दुपारी तो समुद्राची बारीक रेती घेऊन बसायचा आणि एक-एक कड घासत राहायचा. बोटांची सालं निघाली. मी म्हटलं, "जनू, पुरे आता. तुझ्यावर कुणाचं बोट नाही." तो घासत राहिला. ऐकू आलं की नाही, कळलं नाही. बुचाच्या चकत्या आणि चपडा लाख लावून ती काच खिडकीत बसली, तेव्हा नवरात्र होऊन गेलं होतं.

गाडी स्टँडवर चढवून त्याने इंजिन चालू केलं. पंप मारला. काचेआड सोनेरी तेलाची धार दातेरी चाकांवर पडली आणि चाकांनी ती चहूकडे उडवली. इतकं सुंदर काही मी त्या सालात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, पंप ठीक आहे, म्हणजे डॉक्टर विसरलेच. जनूने मात्र इंजिन थांबवलं, टाकी रिकामी केली आणि कोपऱ्यातल्या मडक्यातलं तेल चांगल्या तेलात मिसळून तिच्यात ओतलं. मडक्याचा कडवट वास मला ओळखीचा होता. होड्यांना लावतात ते उंडीचं तेल.

"हे कशाला?"

"आषाढापासून बोटी बंद व्हत्या. श्रावणात तेल सरला, मुंबईचा डबा येईना. डाक्तरांना तर रोज जायचा. गोदीत इंजिनाला एरंडेल घालायचे, मी बगलेला. म्हटला, तो झाडाचा तेल, हा बी झाडाचा तेल. देवरूखला निघाले तवा असाच मिसळून डबा दिला."

इंजिन तासभर चाललं. आधी धार आली. मग बारीक झाली. मग थेंब. तेलाच्या भोकाच्या तोंडाशी पिवळा चीक साखळला, फणसाचा साखळतो तसा, आणि थेंबही बंद झाला. जनू पंप मारत होता. दट्ट्या नेहमीसारखा खाली जात होता, हाताला काही फरक कळत नव्हता. चीक लागून वाट बंद झाली की तेल पंपाच्या झिजलेल्या वायसरातून उलटं टाकीत जात होतं. त्याने इंजिन बंद केलं आणि टाकीचं झाकण उघडून मला दाखवलं. काठोकाठ.

मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "हे तू आणि मी, दोघांतच राहू दे. पंचनामा झालाय. गाव तुला काही म्हणत नाही."

"मना नाय म्हनत. वैनी नवऱ्याला म्हनतात, तेचा काय?"

मी वहिनींना घेऊन आलो. विधवा बाई भर दिवसा बंदराच्या वाटेने चालली म्हणून लोक दारांत उभे राहिले. जनूने त्यांना काचेसमोर पाटावर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून करून दाखवलं. धार बंद झाल्यावर तो पंप मारू लागला.

"बगा वैनी, मी मारतंय. येतंय काय तेल?"

"नाही."

"डाक्तरांनी बी असाच मारलानी. ते इसरले नाय. तेल मी घातलेला."

वहिनी काचेतून नजर न काढता मोठ्याने म्हणाल्या, "परत मारा." त्याने मारला. "परत." किती वेळ ते चाललं कोण जाणे. मग त्यांनी पदर तोंडाशी धरला. त्या दिवसापर्यंत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

उठताना त्या जनूला म्हणाल्या, "मी त्यांच्या पिंडालासुद्धा रागाने नमस्कार केला हो. तुम्ही सांगितलंत, हे बरं केलंत. पण मला पुन्हा तोंड दाखवू नका."

जनूने ते शब्दशः पाळलं. महिन्याभरात पडवी मोकळी केली आणि हर्णेला जाऊन होड्यांची डागडुजी करू लागला. इंजिनाला त्याने पुन्हा हात लावला नाही. जाण्याआधी फौजदारांकडेही जाऊन आला. त्यांनी, झालं ते झालं, म्हणून वाटेला लावलं. गाव मात्र वर्षभर त्याला शिव्या देत होतं, आणि त्या शिव्यांत माझी छत्रीची गोष्ट वाहून गेली. ती मी पुन्हा कधी सांगितली नाही. मी त्याला हर्णेला दोनदा भेटलो. दोन्ही वेळा त्याने फक्त विचारलं, "वैनी बऱ्या हायत?" हो म्हटलं की विषय संपला.

सहा-सात वर्षांनी तो तापाने गेला. मला चौथ्या दिवशी कळलं. वहिनींना सांगावं की नाही, याचा विचार करत मी त्यांच्या मागल्या दारी गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कधी?" मी दिवस सांगितला. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, विहिरीवर गेल्या आणि रहाटाने पाणी ओढून नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून ओतलं. लांबच्या नातलगाच्या मरणाची बातमी आली की आमच्याकडे अशी आंघोळ करतात. मेस्त्री भंडारी, वहिनी ब्राह्मण. शेजारीण कुंपणावरून बघत राहिली.

निथळत त्या बाजूला झाल्या, पोहऱ्याचा दोर माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "आप्पा, तुम्हीही घ्या."