चारीपलीकडची शाळा

मला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही. उजव्या कानाला मशीन आहे, पण त्यातून माणसाचा आवाज येतो तो डब्यात खडे हलवल्यासारखा. समोरच्याचं तोंड दिसलं की मात्र मला सगळं कळतं. ओठ वाचायला कुणी शिकवलं नाही, आपोआप आलं. सर फळ्याकडं तोंड करून बोलायला लागले की माझी पंचाईत व्हायची. तेव्हा शेजारी बसणारी मैत्रीण माझ्याकडं वळायची आणि आवाज न काढता तेच वाक्य ओठांनी पुन्हा म्हणायची. पहिलीपासून असंच चाललं होतं. ती मला 'ए बहिरे' म्हणायची. ती मुभा तिला एकटीला होती, दुसरं कुणी म्हटलं तर मी दगड उचलायचे.

कोरोना आला आणि शाळा फोनमध्ये गेली. फोन बाबांचा, आणि बाबा दिवसभर सणसवाडीच्या कंपनीत. सुट्टीच्या दिवशी फोन हातात आला की सरांचे व्हिडिओ बघायचे, त्यात फळा दिसायचा, खडू धरलेला हात दिसायचा, तोंड कुठंच नाही. लोक म्हणतात बोलाचीच कढी, बोलाचाच भात. माझ्या वाट्याला तर बोलही नव्हते. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मैत्रिणीचे वडील कोरोनानं गेले. कंपनीचा टेम्पो चालवायचे. आम्हाला भेटायलाही जाऊ दिलं नाही कुणी.

वरच्या वर्गांच्या शाळा उघडणार म्हटल्यावर तळेगावात माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसेल. आईनं रात्रीच गणवेश इस्त्री करून ठेवला. शाळेत गेले, तर सगळ्यांच्या तोंडावर मास्क. सरांच्या, बाईंच्या, पोरांच्या. आणि एका बाकावर एकच विद्यार्थी. एक दिवस हजेरीचे सम नंबर यायचे, दुसऱ्या दिवशी विषम. आमच्या दोघींचे नंबर लागोपाठचे होते, म्हणून तर पहिलीपासून शेजारी बसत आलो होतो. आता त्याच नंबरांमुळं ती शाळेत असेल त्या दिवशी मी घरी, आणि मी शाळेत असेन त्या दिवशी ती घरी. हा नियम काढणारा माणूस हुशारच असणार, पण त्यानं आम्हाला बघितलं नव्हतं.

मी पहिल्या बाकावर एकटी बसायचे. मास्कचं रबर आणि मशीन एकाच कानावर, मास्क नीट करायला जावं तर मशीन खाली. सर काहीतरी विचारायचे, मी उभी राहायचे आणि नुसती बघत बसायचे. पोरं हसतायत की नाही, तेही फक्त डोळ्यांवरून ओळखायचं. घरी लॉकडाऊनमध्येसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. माणसांनी भरलेल्या वर्गात मी अगदी एकटी होते आणि मला त्याचा संताप यायचा.

आई शेवटी हेडसरांकडं गेली, मलाही घेऊन. आम्हा दोघी मैत्रिणींना एकाच दिवशी बोलवा एवढंच तिचं म्हणणं होतं. हेडसर वाईट नव्हते. माझ्यासाठी त्यांनी मास्क खाली केला आणि समजावलं, की नियम सगळ्यांना सारखा, एकीचा दिवस बदलला तर उद्या सगळे पालक दारात येतील. मग मायेनं म्हणाले, हिला त्रास होतोय ना, तर हिनं घरीच राहावं, यायची सक्ती नाही, आम्ही पास करू.

आई म्हणाली, "सर, हिला पास नका करू. हिला तिच्या शेजारी बसवा."

सरांनी मास्क वर केला. बाहेर आल्यावर आई मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना एकाच काठीनं हाकायचं, मग मेंढरू लंगडं असो का धडधाकट. हेडसरांच्या मते त्यांनी माझ्यावर उपकार केला होता. पास होऊन घरी बसायचं, म्हणजे माझी शाळा संपलीच की. मी घरी जाऊन खूप रडले.

हे मैत्रिणीला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून येताना मी तिला वाटेत, शेतांना पाणी नेणाऱ्या चारीजवळ गाठलं. ती मास्कआडून भराभर बोलली, मला ओ का ठो कळलं नाही. मी मास्क काढ अशी खूण केली. तिनं मान हलवली. वडील गेल्यापासून आईनं तिला शपथ घातली होती, माणसाजवळ मास्क काढायचा नाही. मग तिनं मला हातानं 'थांब' केलं आणि धावत सुटली. पुलावरून गेली आणि चारीच्या पलीकडच्या काठावर, बरोबर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मध्ये उसाला सोडलेलं पाणी वाहत होतं. तिनं मास्क हनुवटीखाली ओढला.

"ए बहिरे, इथनं दिसतंय का?"

दिसत होतं की. ओठ वाचायला जवळ कशाला लागतं? तेव्हापासून तिची शाळा सुटली की ती पलीकडं, मी अलीकडं. त्या दिवशीचं सगळं ती सांगायची. बीजगणित हवेत बोटानं लिहायची आणि ते मला उलटं दिसायचं, मग दोघी हसायचो. चारीवर धुणं धुणाऱ्या बाया म्हणायच्या, ह्या दोन मुक्या काय करत्यात कोण जाणे. वर्गात मला एक शब्द कळत नव्हता, पण सहामाहीत मी कुणाच्या उपकाराशिवाय पास झाले.

दिवाळीनंतर एकदा ती आली ती दप्तराशिवाय. पलीकडच्या काठावर उभी राहिली. मग मास्क खाली केला.

"आम्ही दौंडला चाललोय, मामाकडं. आईला तिकडं काम मिळालंय. माझं नावबी तिकडच्याच शाळंत घालणार हायेत."

ऊन तिच्या तोंडावर होतं आणि ती अगदी सावकाश बोलत होती. मला सगळं पहिल्याच वेळी कळलं. तरी मी मान हलवून खूण केली, कळलं नाही म्हणून.

तिनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.