अप्पांची मान

माझं लग्न ठरत होतं त्या वर्षी अप्पांच्या हातून खडू पडायला लागला. ते कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. फळ्यावर नुसत्या हातानं काढलेलं त्यांचं वर्तुळ बघायला इतर मास्तर वर्गात डोकावत. आता मध्येच त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं व्हायचं, उजवा हात लुळा पडायचा आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. "मानेची शीर आखडलीय," असं आमच्या डोंबिवलीच्या चाळीनं परस्पर ठरवून टाकलं. शीर आखडली की तेल लावून चेपायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते काम माझ्याकडे आलं.

ठाण्याच्या डॉक्टरांकडे आईअप्पा दोघंच जाऊन आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," आई म्हणाली. मी विश्वास ठेवला. आईची उलटतपासणी घ्यायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

मग रोज दिवेलागणीला मी तिळाचं तेल कोमट करायचे आणि अप्पांची मान कानाखालून गळ्यापर्यंत दाबून चोळायचे. हातचं राखून काम करणं मला जमत नाही. ते डोळे मिटून बसायचे.

"बरं वाटतंय?"

"बरं."

साखरपुड्याला आठ दिवस होते. माझी बोटं मानेवर असतानाच अप्पा उजवीकडे कलंडले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याचे तेच डॉक्टर घरी आले. त्यांनी नळी छातीला न लावता मानेला लावली. मी कारण विचारलं.

"इथल्या रक्तवाहिनीत आतून चरबीचा थर साचलाय. अरुंद वाटेतून रक्त घुसताना आवाज येतो. थराचा तुकडा सुटला तर वर मेंदूत जाऊन अडकतो." मग त्यांची नजर तेलाच्या वाटीवर गेली. "मानेला कुणी हात लावायचा नाही, असं मी बजावलं होतं ना?"

आईनं तेलाची वाटी उचलून आत नेली. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "पाहुण्यांना कळलं असतं तर ते मागे फिरले असते. चेपू नकोस म्हटलं असतं, तर तू कारण विचारलं असतंस. आणि कळल्यावर तू बोहल्यावर उभी राहिली नसतीस."

मला संताप आला, तो आजही आहे. लग्न माझं, हात माझे आणि मलाच बाहेर ठेवलं. पुढे डॉक्टर म्हणाले, तो तुकडा एरवीही सुटला असता. मी तेही खरं मानलं नाही.

अप्पांचा उजवा हात गेला, वाचा गेली. एकच शब्द उरला. महिन्याभरानं आई विहिरीवर गेलेली असताना मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं अप्पा. तरी रोज माझ्यापुढे मान केलीत. का?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डाव्या हातानं त्यांनी माझी बोटं चाचपून धरली.

"बरं," ते म्हणाले.