बाकापासून टेबलापर्यंत

"चालून दाखव गा जरा," असं म्हणत मावशी पेशंटच्या हातातली पिशवी स्वतःकडे घ्यायच्या. धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात त्या झाडलोट करायच्या आणि नंबर पुकारायच्या. पेशंटला चालवणं त्यांच्या कामात नव्हतं. पण बाकावरून उठून माझ्या टेबलापर्यंत येईस्तोवर त्या माणसाला एकदा खाली बसवत, उठवत, दोरीवर कपडे वाळत घालतो तसे दोन्ही हात वर करायला लावत.

सत्तरचं दशक सुरू होत होतं आणि मी नुकताच एम.डी. झालो होतो. नव्या डॉक्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप तुम्हीही पाहिला असेल. माझा तर जेवतानाही उतरत नसे.

"मावशी, तपासायचं काम माझं," मी एकदा सुनावलं.

"तपासा ना साहेब. पन तुमच्यापुढं मानूस खुर्चीवर बसूनच राह्यते. चालताना तुमाले दिसते कुठी?"

मी नुसता हसलो. तसं हसण्याचा मला चांगला सराव होता.

एका दुपारी काटोलकडचा एक शेतकरी सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आला. रोज संध्याकाळी तिचं अंग तापायचं, जेवण जात नव्हतं. मी छाती तपासली, घसा पाहिला, टॉनिक लिहिलं आणि पौष्टिक खाण्यावर छोटंसं भाषणही दिलं.

पाच मिनिटांत मावशी बापलेकींना फाटकातून परत घेऊन आल्या.

"साहेब, पोट्टीले खाली उतरवली तं लंगडून राहिली. मांडी घालूनबी बसता येत नाही तिले."

बाकावरचे सगळे बघत होते. मला राग आला, आणि तो आजाराचा नव्हता.

"आधी का नाही सांगितलं?" मी बापावर खेकसलो.

"तुमी इचारलंच नाही जी."

मुलीला टेबलावर निजवलं. डावा पाय बाहेर वळवू देईना. एक्स-रेमध्ये खुब्याच्या सांध्याचा क्षय निघाला. सांधा अजून शाबूत होता. मी आणखी काही महिने टॉनिक पाजत बसलो असतो, तर राहिला नसता.

दीड वर्ष औषधं, त्यात कित्येक महिने प्लास्टर. मग एक दिवस ती पोर सरळ चालत आत आली. बाप माझ्या पाया पडला. "अहो, आमचं कामच आहे हे," असं मी म्हणालोसुद्धा. मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवायला मला अर्धं मिनिट लागलं. त्या अर्ध्या मिनिटाची मला अजून लाज वाटते.

मावशींनी पोरीची रिबीन नीट बांधली. "आता पळून दाखव वं," एवढंच म्हणाल्या.

पुढे काही वर्षांनी कावीळ होऊन मावशी अचानक गेल्या. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो तेव्हा. घरी कोण कोण असतं, एवढंही मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. दार त्यांच्या मोठ्या भावाने उघडलं. एक हात मांडीवर दाबत, प्रत्येक पावलाला एका अंगाने खाली जात तो आत वळला. डावा पाय चांगला दोन-तीन इंच आखूड होता.

"लहानपनी लय दुखे जी," माझी नजर पाहून तो म्हणाला. "मायनं दोन-तीन डॉक्टरायकडे नेलं. पन कडेवरच नेलं मले, अन् कडेवरच वापस आनलं."

माझ्यासाठी खुर्ची आणायला तो आतल्या खोलीकडे निघाला. मी म्हटलं, राहू द्या दादा, आणि खाली चटईवर बसलो.