गुणगौरवाचा अर्ज

बहारीनमध्ये उल्काला डॉक्टर म्हणणारी एकच बाई होती, ती म्हणजे अराद भागात राहणारी सुरैया. सत्तरी ओलांडलेली ही बाई आठवड्यातून दोनदा गुदैबियातल्या क्लिनिकमध्ये यायची, आखडलेला खांदा उल्काच्या हवाली करायची आणि म्हणायची, "दख्तोरा, आज धीरे करो." उल्का दर वेळी सांगायची, "मैं डॉक्टर नहीं, फिजिओ हूँ." त्यावर सुरैया चांगला हात झटकायची. "मेरे को आराम किसने दिया? तू ने. खलास." उल्का वरवर नको नको म्हणे, पण मनातून तिला हे सोडवत नसे.

मिरजेत वाढलेल्या मुलीला डॉक्टरकीचं अप्रूप शिकवावं लागत नाही. गावात दर चार दारांआड डॉक्टरची पाटी. उल्काचीही लागायची होती, पण बारावीला तीन मार्क कमी पडले आणि एमबीबीएस हुकलं. "फिजिओथेरपी पण मेडिकलच की," असं वडील म्हणाले आणि तिनं दुधाची तहान ताकावर भागवली. काम मात्र फार उत्तम शिकली. तिच्या बोटांना दुखणं कुठं लपलंय ते कळायचं. ते तीन मार्क मात्र तिनं जन्मात कुणाला माफ केले नाहीत, स्वतःला तर नाहीच.

पुढं पुण्याच्या राजन इंजिनिअरशी लग्न झालं. त्याच्या नोकरीपायी दोन वर्षं अमेरिकेत गेली, तिथं स्पृहा जन्मली आणि मुलीच्या नावावर तिथलं नागरिकत्व आपसूक लागलं. मग बहारीन. वीस वर्षं एकाच क्लिनिकमध्ये पडदा लावून केलेली एक खोली, एक पलंग, एक शेकायचं मशीन आणि उल्काचे दोन हात. डॉक्टर लोक तिला 'सिस्टर' म्हणत. मराठी मंडळातल्या एका बाईनं तर हळदीकुंकवात ओळख करून दिली होती, "ह्या मालिश वगैरे करतात." उल्का तेव्हा सगळ्यांबरोबर हसली. असलं हसू माणसाच्या पोटात साठून राहतं.

स्पृहा लहानपणी शाळा सुटली की क्लिनिकमध्येच यायची. पडद्याआड स्टुलावर बसून अभ्यास करायची आणि अभ्यासापेक्षा आईचे हातच जास्त बघायची. अमेरिकेत कॉलेज करून तिनं तिथल्या मेडिकलला अर्ज केले, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मार्चमध्ये. एका नव्हे, दोन कॉलेजांनी तिला जागा दिली. एक एम.डी.चं, दुसरं डी.ओ.चं.

राजननं रात्र रात्र वाचून हा घोळ बायकोला समजावला. एम.डी. म्हणजे आपल्या ओळखीची डॉक्टरकी, तिकडे आपल्या एमबीबीएसच्या जागी तीच पहिली पदवी. डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथी शिकवणाऱ्या कॉलेजची पदवी. तिथले डॉक्टरही पुरते डॉक्टर असतात. तीच औषधं देतात, त्याच शस्त्रक्रिया करतात, त्याच हॉस्पिटलांत काम करतात. वर हाडं, सांधे, स्नायू हातानं तपासायचं आणि हातानंच बरं करायचं शिक्षण त्यांना निराळं मिळतं. "फक्त उद्या तिला इकडे आखातात किंवा भारतात यायचं झालं, तर कुठे काय चालतं ते विचारावं लागेल," राजन म्हणाला. "पण तिला तिथेच राहायचंय. तिचं ती ठरवेल."

उल्काच्या कानानं त्यातलं एकच वाक्य पकडलं. हातानं बरं करायचं. म्हणजे पुन्हा मालिशच.

एप्रिलमध्ये स्पृहा सुट्टीला घरी आली. तीस तारखेपर्यंत एक जागा धरून दुसरी सोडायची होती. जेवताना तिनं डी.ओ. कॉलेजच्या मुलाखतीची गोष्ट सांगितली. तिथल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तिला एका माणसाच्या पाठीवर हात ठेवायला लावला होता आणि काय जाणवतं ते विचारलं होतं. तिनं उजवीकडचा ताठरलेला स्नायू बरोबर दाखवला. हे कुणी शिकवलं असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, माझ्या आईनं.

"आई, आय फेल्ट सो प्राउड," स्पृहा म्हणाली.

"बरं बरं," उल्का म्हणाली. "आणि एम.डी.वाल्यांचं हॉस्टेल कसंय?"

राजननं बायकोकडे बघितलं आणि आमटीची वाटी पुढं ओढली.

आता मंडळाचं सांगायला हवं. महाराष्ट्र दिनाच्या आधीच्या शुक्रवारी मंडळ दर वर्षी मुलांचा गुणगौरव करतं. पालकांनी अर्ज भरायचा, मुलाचं नाव आणि 'विशेष यश' लिहायचं. मग यादी स्टेजवरून वाचतात, मूल वर जाऊन श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र घेतं आणि खाली बसलेले आईबाप आजूबाजूच्यांचे चेहरे वाचतात. परदेशात माणसाला गाव नसतं, म्हणून ही यादी हेच गाव. तीत काय वाचलं जातं यावर वर्षभराचा मान ठरतो. हसण्यासारखं आहे, पण हसू नये. तिथं बसल्यावर तुम्हीआम्हीही तेच केलं असतं.

मंडळाचे सेक्रेटरी मयुरेश बँकेत होते आणि माणूस स्वभावानं सरळ. अर्जाची मुदत संपत आली, तसा त्यांनी उल्काला फोन केला. "वहिनी, स्पृहाचं काय लिहू? डी.ओ. असंही कानावर आलंय. ते म्हणजे ते हाडं बसवणारे का?"

त्यांच्या बोलण्यात वाकडं काहीच नव्हतं. पण उल्काला ती हळदीकुंकवातली बाई आठवली. क्षणभरही न थांबता ती म्हणाली, "छे हो, एम.डी. लिहा. एम.डी.च घेतेय ती." आणि मग अर्जही तसाच भरून पाठवला. अर्ज आईनंच भरायचा, ही त्या घराची बालवाडीपासूनची रीत. पासपोर्ट, शाळा, इथलं ओळखपत्र, सगळे अर्ज उल्काच्याच हातचे. आपण काही चुकीचं करतोय असं तिला वाटलंही नाही. पोरगी शेवटी शहाणी आहे, ऐकेल, एवढंच तिनं मनाशी धरलं.

शुक्रवारी हॉल गच्च भरला होता. स्पृहा आईची जुनी पैठणी नेसली होती. निवेदकानं वाचलं, "कुमारी स्पृहा, अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी.साठी निवड. अभ्यासक्रम निश्चित!" टाळ्या पडल्या. उल्काच्या शेजारच्या बाईनं तिचा हात घट्ट दाबला.

स्पृहा उठली नाही. तिनं मान वळवून आईकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर उल्काला पेलला असता. पण ती नुसतीच बघत होती, एखादा हिशेब जुळवून घ्यावा तशी. मग ती पदर सावरत स्टेजवर गेली, श्रीफळ घेतलं, माइक पुढं आला तेव्हा "थँक यू, सगळ्यांना थँक यू" म्हणाली आणि खाली आली. दुरुस्ती तिनं केली नाही. उल्काला इतकं हायसं वाटलं की तिनं त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असाच लावला.

शनिवारी घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही. रविवारी सुरैया क्लिनिकला आली. खांदा दाबून घेता घेता उल्कानं तिला बातमी दिली. दोन कॉलेजं, एक मोठ्या नावाचं, एक हातानं बरं करायचं शिकवणारं. मोठ्या नावाचं घेतलं.

"माशाल्ला," सुरैया म्हणाली. "बेटी को क्या मांगता?"

उल्काचे हात खांद्यावर थांबले. राजननं वाचलं होतं, मयुरेशनी चौकशी केली होती, मंडळानं टाळ्या वाजवल्या होत्या. हा साधा प्रश्न मात्र महिनाभरात कुणी विचारला नव्हता. आईनं तर नाहीच नाही. आणि उत्तर तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आमटीच्या वाटीवरून ते तिच्या समोर आलं होतं आणि तिनं हॉस्टेलची चौकशी करून ते परतवलं होतं.

दुपारी पडद्याआड बसून तिनं मंडळाच्या ग्रुपसाठी चार ओळी लिहिल्या. 'गुणगौरवात स्पृहाचा अभ्यासक्रम मी चुकीचा कळवला. तिनं अजून ठरवलेलं नाही. चूक पूर्णपणे माझी.' मयुरेश काय म्हणतील, ती हळदीकुंकवाची बाई काय म्हणेल, सगळं डोळ्यांपुढं आलं. तरी तिनं ठरवलं, आधी घरी जाऊन लेकीला सांगायचं, मग पाठवायचं. तीस तारखेला अजून चार दिवस होते.

स्पृहा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. उल्कानं फोनच पुढं केला. स्पृहानं वाचलं आणि परत दिला.

"नको पाठवू."

"अगं, तुला तिकडंच जायचंय ना? जा. मी सांगते की सगळ्यांना."

"मी शुक्रवारीच कळवलं, आई. हॉलमधून आल्यावर. डी.ओ.वाल्यांची सीट सोडली."

उल्काला आधी कळलंच नाही. मग ती घाईघाईनं म्हणाली, "मागता येईल परत. ईमेल कर. मी चुकले असं लिही."

"वेटलिस्ट आहे त्यांची. गेली असेल कुणाला तरी." स्पृहानं एक चिमटा लावला, दुसरा हातात घेतला. "तू सगळ्यांसमोर खोटी पडली असतीस. मला ते बघवलं नसतं."

"मग पडले असते मी!" उल्का ओरडली. "पडू द्यायचं होतंस मला!"

"यू आर माय मदर," स्पृहा म्हणाली आणि उरलेले कपडे वाळत घालू लागली.

त्या संध्याकाळी उल्कानं चार ओळी पुसून टाकल्या. दुरुस्त करण्याजोगं काही उरलंच नव्हतं. तिनं लिहिलेलं खोटं लेकीनं खरं करून दिलं होतं. उल्का खूप रडली. राजननं तिला उगी केलं नाही, नुसता शेजारी बसून राहिला.

पुढं लोक तिला 'एम.डी.ची आई' म्हणू लागले. मयुरेशनी घरी येऊन पेढे दिले. प्रशस्तिपत्र फ्रेम करून भिंतीवर लावावं असं राजननं सुचवलं, तर उल्का "कपाटात ठेव" एवढंच म्हणाली. मुलीचं वाटोळं झालं असं कुणी म्हणू नये. कॉलेज चांगलं होतं, पोरगी हुशार होती, चांगली डॉक्टर होणार होती. पण ते तिनं निवडलं नव्हतं, आणि ही एक गोष्ट उल्काला कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

जुलैत स्पृहाची निघायची तयारी सुरू झाली. बॅग उचलून ठेवताना उल्काच्या कमरेत उसण भरली आणि ती होती तिथंच वाकून राहिली. वीस वर्षं लोकांच्या पाठी सरळ करणाऱ्या बाईची स्वतःची पाठ आजवर कुणी बघितली नव्हती. स्पृहानं तिला धरून पलंगावर पालथं झोपवलं. कुठं दुखतंय ते विचारलं नाही. तळहात टेकवला, हळूहळू खाली आणला आणि नेमक्या जागी येऊन थांबवला. मग अंगठ्यानं जोर दिला, थांबली, पुन्हा दिला. काही मिनिटांनी उल्काला मोकळा श्वास घेता आला.

"तुझा हात फार चांगला आहे गं," उशीत तोंड खुपसून उल्का म्हणाली. हे तिनं लेकीला पहिल्यांदाच सांगितलं.

"माहितीये, आई," स्पृहा म्हणाली, आणि तिनं हात काढून घेतला.