मुलांच्या चटईवरचा कोंबडा

तुमच्या लेकराच्या हातून तुम्ही चर्चमध्ये दान ठेवता, ते दान कुणाचं असतं हो? लेकराचं की तुमचं? लगेच उत्तर देऊ नका. आधी लोइस नामोनोची हकीकत ऐका.

लोइस आमच्या डोंगरावरची, म्बाले शहराच्या वरच्या अंगाला राहणारी. शनिवारी ती बाजारात मालेवा विकते. धुरावर वाळवलेले बांबूचे कोंब ते. शेंगदाण्याच्या कुटात शिजले की रुसलेला माणूसही जेवायला येतो. रविवारी ती मुलांना शिकवते. पगार नाही, मानही बेताचाच. वर्ग उंबराखाली भरतो. पाऊस आला की वर्ग सुटला. मुलांच्या खोलीच्या भिंती गावाने मिळून उभ्या केल्या, पण वर छप्पर नाही. पत्रे द्यायचं मागोम्बे म्हाताऱ्याने कबूल केलं होतं. आमच्या चर्चमधला हा सगळ्यात मोठा कॉफी पिकवणारा, मानाने सगळे त्याला पापा म्हणतात. सुगीच्या रविवारी सगळ्यांसमोर पत्रे जाहीर करीन, म्हणाला होता.

सुगीच्या रविवारी आमच्याकडे चर्चपुढे दोन चटया पसरतात. मोठ्यांच्या चटईवर कॉफीची पोती, केळ्यांचे घड, एखादा बोकड. मुलांच्या चटईवर मुलांचं दान. प्रार्थना झाली की सगळ्याचा लिलाव, पैसे चर्चला. मुलांच्या चटईवर खरी चढाओढ बापांची असते. ज्याच्या पोराचं दान मोठं, त्याच्या नावाने बायका जोरात किलकारतात. म्हणून बाप पोराच्या डोक्यावर अख्खा घड देऊन पाठवतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

यंदा लोइसने मुलांना बजावलं, "स्वतः लावलेलं, पाळलेलं, नाहीतर हाताने केलेलं आणायचं. आईबापाकडे मागायचं नाही. ठेवताना मोठ्याने सांगायचं, हे माझं."

एक पोर म्हणालं, "माई, माझ्याकडे तर काहीच नाही."

"केरसुणी बांधता येते ना? मग बांध. घरातली उचलून आणू नकोस, नाहीतर तुझी आई त्याच केरसुणीने मला झोडपेल."

रविवार आला. मुलांनी चटईवर रताळी ठेवली, अंडी ठेवली, वाकडीतिकडी टोपली ठेवली. मग मागोम्बेची नात मुतोन्यी आली. तिच्या काखेत लाल तुऱ्याचा दांडगा कोंबडा. पोरीने कोंबडा धरलाय की कोंबड्याने पोर, कळेना. बायका किलकारल्या. लिलाव पुकारणारा उपदेशक वेपुखुलू ओरडला, "बघा बघा, हा तर माझ्यापेक्षा ऐटीत आलाय!"

मुतोन्यीने कोंबडा चटईवर ठेवला, पण "हे माझं" काही तोंडातून येईना.

"बोल की गं," पुढच्या बाकावरून मागोम्बे म्हणाला. "जीभ कोंबड्याने खाल्ली का?"

लोइस तिच्याजवळ वाकली. मी शेजारीच होतो, सगळं ऐकू आलं. "तुझं काय आहे, बाळा?"

"घेवडा. चुलीमागे लावलाय मी. आजोबा म्हणाले, तो घरी ठेव, लोक हसतील."

लोइसने मान वर केली. समोर त्या उघड्या भिंती. वेपुखुलू तिच्या कानाशी लागला, "माई, आमेन म्हण आणि पुढे चल. पत्रे जातील!"

"जा, तुझा घेवडा घेऊन ये," तिने पोरीला सांगितलं. मग कोंबडा उचलून मोठ्यांच्या चटईवर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हा पापा मागोम्बेंचा कोंबडा. पापांचे आभार."

मागोम्बे उठला. "सगळ्यांदेखत मला खोटारडा म्हणतेस?"

"नाही पापा, दानशूर म्हणते. कोंबडा तुमचा, दान तुमचं, किलकाऱ्याही तुम्हालाच. पोरीला मात्र खोटं बोलायला लावू नका. मग मी तिला रविवारी शिकवू काय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने घात केला. म्हातारा काठी आपटत निघून गेला. कोंबडा त्याने नेला नाही. देवापुढे ठेवलेलं परत नेत नाहीत, एवढं तो जाणतो. पत्र्यांचं मात्र नावच निघालं नाही.

मुतोन्यी धापा टाकत परत आली. केळीच्या पानात ओंजळभर घेवडा होता. तिने तो चटईवर ठेवला. "हे माझं," म्हणाली, आणि या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

त्यानंतर गाव लोइसवर तुटून पडलं. एका शब्दापायी पोरांचं छप्पर घालवलं म्हणे! मी दोघाचौघांशी भांडलो, एकाची कॉलर धरली. लोइसने मलाच दटावलं, "तू गप बस. भिजलेलं पोर चुलीपुढे बसवलं की वाळतं. खोटं मुरलेलं पोर मी कुठे वाळवू?"

आता पावसात वर्ग तिच्या स्वयंपाकघरात भरतो, मालेव्याच्या धुरात. पोरं खोकतात, पण येतात. मुतोन्यीही येते. मागोम्बेने तिला अडवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. लोइसशी तो अजून बोलत नाही.

भिंती अजून तशाच उघड्या आहेत. तुमच्या अंगणात एखादा पत्रा पडून असेल तर द्या. जुना चालेल, भोकाचाही चालेल. फक्त पोराच्या डोक्यावर ठेवून पाठवू नका. तुम्ही स्वतः घेऊन या.